कॅसलटाउनची ‘वेडी’ इमारत

विद्यार्थिमित्रहो, एखादी नवी वस्तु पाहिली कीं “हिचा उपयोग काय?” हा प्रश्न तुमच्या ओठांवर ताबडतोब येतो. प्रश्न चांगला आहे. तो विचारावयास आम्हींच तुम्हांस शिकविलें आहे. परंतु कांहीं वस्तु अशा असतात कीं त्यांच्याविषयीं हा प्रश्न एकदां विचारून भागत नाहीं. तो दोनदां, तीनदां विचारावा लागतो, आणि दर वेळीं उत्तर निराळें मिळतें. आयर्लंड देशांतील अशाच एका इमारतीची हकीकत आज आम्ही तुम्हांस व तुमच्या पालकांस सांगणार आहों. ही इमारत आम्हीं प्रत्यक्ष पाहिलेली नाहीं. तिचीं चित्रें मात्र पुष्कळ पाहिलीं आहेत. तीं वर्गांत दाखविलीं तेव्हां मागच्या बांकावरून एका विद्यार्थ्यानें वरील प्रश्न केला आणि सारा वर्ग हंसला. त्या हंसण्याचें उत्तर देणें हाच या लेखाचा हेतु आहे.

अठराव्या शतकांत इंग्लंड व आयर्लंड या देशांतील बड्या जमीनदारांनीं आपल्या खेड्यांतील वाड्यांभोंवतीं विस्तीर्ण बागा व उपवनें तयार केलीं. बागेंत हिंडतांना किंवा दिवाणखान्याच्या खिडकींतून पाहतांना नजर कोठें तरी विसावावी म्हणून दूरच्या उंचवट्यावर एखादा मनोरा, मुद्दाम पडका बांधलेला किल्ला, ग्रीक धर्तीचें देऊळ, नाहीं तर नुसतीच एखादी भव्य कमान उभारण्याची तेव्हां चाल पडली होती. अशा इमारतींत सहसा कोणी राहत नसे, धान्य सांठवीत नसे, कीं देवाची प्रार्थनाहि करीत नसे. दुरून दिसणें एवढेंच त्यांचें काम. इंग्रज लोक अशा इमारतीला ‘फॉली’ म्हणतात. या शब्दाचा साधा अर्थ मूर्खपणा किंवा वेडेपणा असा आहे. पैसा ओतून, दगडचुना लावून, महिनेच्या महिने मजूर राबवून जें कोणाच्याहि कामास येत नाहीं तें बांधणें हा वेडेपणा नव्हे तर काय, असा या नांवांतील भाव आहे.

आमच्या आजच्या गोष्टींतील इमारतीलाहि ‘कोनॉलीची फॉली’ असेंच नांव पडलेलें आहे. ती आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यांत आहे. डब्लिन शहराच्या पश्चिमेस सुमारें तेरा मैलांवर, लिफी नदीच्या कांठीं, सेलब्रिज नांवाचें गांव आहे. त्या गांवाला लागूनच कॅसलटाउन हा प्रचंड वाडा उभा आहे. विल्यम कोनॉली नांवाच्या गृहस्थांनीं तो १७२२ च्या सुमारास बांधावयास घेतला. हे गृहस्थ जन्मानें सरदार नव्हते. एका सराईवाल्याचे ते चिरंजीव, असें सांगतात. परंतु सतराव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमध्यें राजा जेम्स व राजा विल्यम यांचें युद्ध होऊन जेम्सच्या पक्षाचा पाडाव झाला, तेव्हां पराभूतांच्या हजारों एकर जमिनी सरकारजमा झाल्या. त्या जमिनींच्या खरेदीविक्रींत कोनॉली यांनीं अपार संपत्ति मिळविली. १७१५ सालीं ते आयर्लंडच्या कॉमन्स सभेचे सभापति झाले. १७२९ सालीं ते वारले तेव्हां वाड्याचें आंतील काम अजून पुरें व्हावयाचें होतें. त्यांना मूलबाळ नव्हतें. वाडा, जमीन व पैसा यांचा कारभार त्यांच्या पत्नी कॅथरीन कोनॉलीबाई यांच्याकडे आला, आणि पुढें १७५२ सालीं मृत्यु येईपर्यंत तो त्यांनीं मोठ्या दबदब्यानें पाहिला.

एक गंमत येथेंच सांगून ठेवतों. या भल्या मोठ्या वाड्याचा मुख्य जिना १७५९ सालापर्यंत बांधलाच गेला नव्हता. म्हणजे ज्या बाईंच्या घरांत मुख्य जिना नाहीं त्यांनीं घरापासून दोन मैलांहून अधिक अंतरावर एक गगनचुंबी कमान बांधविली! मग लोकांनीं तिला वेडेपणा म्हटलें तर त्यांना दोष कसा द्यावा?

आतां त्या इमारतीचें रूप डोळ्यांपुढें आणूं. खालीं करड्या दगडाच्या कमानींची ओळ. मधली कमान सर्वांत मोठी. त्या कमानींच्या माथ्यावर आणखी कमानी. आणि या सर्वांच्या मध्यभागीं, आकाशांत घुसलेला एक चौकोनी, वर वर निमुळता होत गेलेला दगडी स्तंभ. अशा स्तंभाला ऑबेलिस्क म्हणतात. त्याची मूळ कल्पना प्राचीन मिसर देशांतली. जमिनीपासून टोंकापर्यंत इमारतीची उंची १४० फूट, म्हणजे सुमारें तेराचौदा मजली इमारतीइतकी आहे. ठिकठिकाणीं दगडांत कोरलेले गरुड व अननस बसविले आहेत. वाड्याच्या मागील बाजूस पहिल्या मजल्यावर एक लांबच लांब दालन आहे. त्याच्या खिडकींत उभें राहिलें कीं क्षितिजावर ही कमान दिसते. तिच्यांत खोल्या नाहींत, तिच्यावर घड्याळ नाहीं, तिच्यांतून जाणारा राजमार्गहि नाहीं. रिचर्ड कॅसल्स या जर्मन कुळांतील शिल्पशास्त्रज्ञानें तिचा आराखडा केला असें मानितात. हाच पुढें डब्लिनमधील लेन्स्टर हाउस बांधणारा गृहस्थ. त्या वास्तूंत आज आयर्लंडचें विधिमंडळ भरतें. १७३९ पासून तो शेजारच्या कार्टन येथें किल्डेअरच्या अर्लचा वाडा नव्यानें बांधण्याच्या कामावर होता. आणखी नवल असें कीं ही कमान ज्या जागेवर उभी राहिली ती जागा कोनॉलीबाईंची नव्हतीच. ती या शेजारच्या अर्लच्या जहागिरींतली होती!

आपल्या घरासाठीं नव्हे, आपल्या जमिनीवर नव्हे, कोणाच्या उपयोगाची नव्हे. तर मग ही इमारत बांधली तरी कशाला? याचें उत्तर इमारतीच्या सालांत आहे. हें साल १७४०.

१७३९ च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस आयर्लंडवर अशी थंडी कोसळली कीं तशी तेथील कोणाच्याहि आठवणींत नव्हती. सुमारें सात आठवडे ती हटली नाहीं. नद्या गोठल्या. पाणचक्क्यांचीं चाकें बर्फांत अडकून बसलीं, त्यामुळें घरांत धान्य असलें तरी पीठ मिळेना. बंदरें गोठल्यामुळें समुद्रापलीकडून येणारा कोळसा येईना. लोक कुंपणें व झाडें तोडून जाळूं लागले. परंतु सर्वांत मोठा घाला बटाट्यावर पडला. आपल्याकडे गरिबाला ज्वारीबाजरीची भाकरी तसा त्या देशांत गरिबाला बटाटा. तो बहुधा शेतांतच राहूं देत, किंवा उथळ खड्ड्यांत घालून वर मातीचा पातळ थर पसरीत. नेहमींच्या हिंवाळ्यांत एवढें संरक्षण पुरे होई. त्या वर्षीं मात्र थंडी मातींत शिरली आणि खाण्याचा बटाटा व बियाण्याचा बटाटा दोन्ही एकदमच कुजून गेले. म्हणजे आजचें अन्न गेलें व पुढच्या वर्षाचेंहि गेलें.

थंडी ओसरली तों वसंतांत पाऊस पडला नाहीं. चारा नाहीं म्हणून गुरें मेलीं. गव्हाचें व ओटचें पीक बुडालें. भाकरीचा भाव वाढत चालला. १७४० च्या उन्हाळ्याच्या आरंभीं डब्लिनमध्यें भुकेल्या लोकांनीं दंगे केले. मग शरद ऋतूंत वादळें, डिसेंबरांत पूर, आणि १७४१ च्या वसंतांत उपासानें खंगलेल्या शरीरांवर ताप व हगवण यांची धाड. आयरिश भाषेंत १७४१ सालाला जें नांव पडलें त्याचा अर्थ ‘संहाराचें वर्ष’ असा आहे. त्या वेळीं देशाची लोकसंख्या सुमारें चोवीस लक्ष होती. तींपैकीं तीन लक्ष दहा हजारांपासून चार लक्ष ऐंशी हजारांपर्यंत माणसें मेलीं असा इतिहाससंशोधकांचा अंदाज आहे. पुढें १८४५ नंतर आयर्लंडांत जो महादुष्काळ पडला त्याचें नांव जगभर झालें. पण लोकसंख्येच्या मानानें पाहतां १७४०-४१ चा संहार त्याहून कमी नव्हता, कदाचित अधिकच होता.

अशा वेळीं सरकारनें काय केलें? १७४० च्या जानेवारींत व्हाइसरॉयनें आयर्लंडमधून धान्य बाहेर पाठविण्यास बंदी केली. परंतु ब्रिटनला जाणारें धान्य तींतून वगळलें. गरिबांच्या पोषणाचा कायदा आयर्लंडमध्यें तेव्हां मुळींच नव्हता. तो व्हावयास १८३८ साल उजाडावें लागलें. तेव्हां ज्याच्या गांवांत दयाळू धनिक असेल त्यालाच कांहीं आधार, नसेल त्याला कोणी नाहीं, अशी स्थिति होती. सेलब्रिजच्या लोकांच्या वांट्याला कोनॉलीबाई आल्या.

बाईंनीं या कमानीचें काम काढलें तें गांवांतील व आसपासच्या शेंकडों गरिबांस मजुरी मिळावी म्हणून, असें या इमारतीचा इतिहास सांगतो. या कामाविषयीं एक जुनें पत्रहि उपलब्ध आहे. १७४० च्या मार्च महिन्यांत बाईंच्या बहिणीनें तें लिहिलें आहे. आपली बहीण वाड्यामागील देखाव्याला शोभा आणण्यासाठीं एक ऑबेलिस्क बांधीत आहे. त्याला तीनचारशें पौंड तरी लागतील, किंबहुना अधिकच लागतील. एवढें सारें करून ती ज्या थाटानें राहते तसें राहणें तिला परवडतें तरी कसें, याचें मला नवल वाटतें, असा त्यांतील आशय आहे. सूक्ष्म दृष्टीच्या वाचकाच्या ध्यानांत आलेंच असेल कीं या ओळींत देखाव्याचा उल्लेख आहे, भुकेल्यांचा नाहीं. बाईंच्या मनांत शोभा किती व दया किती हें आपण कसें ठरवावें? माणसाच्या सत्कृत्यांत बहुधा अशींच दोन धान्यें मिसळलेलीं असतात. पण मार्चच्या त्या दिवसांत ज्याच्या घरचा बटाटा कुजून गेला होता त्या मजुराला आठवड्याच्या शेवटीं हातांत पैसे पडले, हें मात्र निश्चित.

एवढ्या इमारतीला किती हात लागले असतील याचा विचार करा. दगड खाणींतून काढावयाचा, फोडावयाचा, गाड्यांत भरावयाचा, रस्त्यानें ओढीत न्यावयाचा, टांकीनें घडवावयाचा, चुना भाजावयाचा व कालवावयाचा, परांची बांधावयाची, आणि मग एकेक चिरा शंभर सवाशें फुटांवर चढवावयाचा. यांपैकीं गरुड व अननस कोरण्याचें काम कुशल कारागिराचें. बाकीचें बहुतेक काम ज्याला हातपाय आहेत अशा कोणासहि करतां येण्याजोगें. दुष्काळी कामाचें मर्म यांतच आहे. जें काम अडाण्यास, भूमिहीनास, शिकाऊ पोरास करतां येत नाहीं तें दुष्काळांत फारसें उपयोगी नाहीं.

या ठिकाणीं आमच्या मागच्या बांकावरील मित्राचा प्रश्न पुन्हां पुढें येतो. तो म्हणेल, “गुरुजी, मजुरीच द्यावयाची होती तर रस्ता बांधावा, पूल बांधावा, विहीर खणावी. ही फुकटची कमान कशाला?” आणि त्याच्या शेजारचा, अधिक तिखट स्वभावाचा विद्यार्थी म्हणेल, “भुकेल्याला भाकरी द्यावयाची सोडून त्याच्या डोक्यावर दगड कां द्यावा? आणि तोहि अननस कोरलेला!” दोन्ही आक्षेप आम्हांस मोलाचे वाटतात. अननस हें फळ त्या थंड देशांत कांचेच्या ऊबदार घरांतच वाढवितां येई. तें अतिशय महाग असे व श्रीमंतीची खूण मानलें जाई. बटाट्यावांचून मरणाऱ्या माणसांनीं दगडाचे अननस आकाशांत चढवावे, याहून विसंगत चित्र कोणतें?

पहिल्या आक्षेपाला उत्तर देतां येतें. फुकट दिलेलें अन्न घेण्यास स्वाभिमानी माणसाला संकोच वाटतो. मजुरी घेण्यास वाटत नाहीं. शिवाय दुष्काळांतल्या कामाचा पहिला हेतु पैसा गरिबाच्या घरीं पोंचविणें हा असतो. काय बांधलें गेलें हा प्रश्न त्यामागून येतो. त्याच दुष्काळांत डब्लिनच्या दक्षिणेस किलायनीच्या टेकडीवर जॉन मॅपस नांवाच्या गृहस्थानेंहि एक ऑबेलिस्क बांधविला. त्यावरील लेख मोठा सरळ आहे. गेलें वर्ष गरिबांना कठीण गेलें म्हणून या टेकड्यांभोंवतींच्या भिंती व हें बांधकाम जून १७४२ मध्यें केलें, अशा अर्थाचा तो आहे. इमारतीचें वर्णन नाहीं, स्वतःची स्तुति नाहीं. वर्ष कठीण गेलें एवढेंच कारण.

दुसऱ्या आक्षेपाला मात्र आमच्यापाशीं पुरतें उत्तर नाहीं, आणि तें आहे असा आव आम्ही आणणार नाहीं. दगड उचलण्यासाठीं अंगांत बळ लागतें. दुष्काळांत सर्वांत आधीं बळ जातें तें म्हाताऱ्यांचें, आजाऱ्यांचें, अंगावर पाजणाऱ्या आयांचें. कामावर मजुरी देण्याच्या पद्धतींत ज्याला मदतीची सर्वांत अधिक गरज तोच मागें राहतो. आणि मजुरी किती, हाहि प्रश्न आहेच. याचा अनुभव आपल्या महाराष्ट्रानें चांगलाच घेतला आहे. १८७६-७७ च्या दुष्काळांत सरकारनें नेमलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य व एक आणा एवढी खालीं आणली. दिवसभर उन्हांत राबणाऱ्या माणसाला रोज अर्धा किलोहि धान्य नाहीं! तेव्हां मुंबई इलाख्यांतील हजारों मजूर काम टाकून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू उचलून धरली. तेव्हां काम दिलें म्हणजे कर्तव्य संपलें असें नाहीं. कामाचें मोल भाकरीच्या मापानें पुरेसें आहे कीं नाहीं हें पाहावेंच लागतें.

कोनॉलीबाईंच्या ध्यानांतहि असेंच कांहीं आलें असावें, असें त्यांच्या पुढच्या बांधकामावरून आम्हांस वाटतें. मजुराच्या हातांत पैसा आला तरी बाजारांत धान्यच नसेल तर तो पैसा चावून खातां येत नाहीं. कमानीनंतर तीन वर्षांनीं, १७४३ सालीं, बाईंनीं जवळच्या लीक्सलिप गांवीं एक धान्याचें कोठार बांधविलें. त्याचें नांवच ‘नवलाचें कोठार’ असें पडलें आहे. त्याचा आकार बुडाशीं रुंद व वर निमुळता होत गेलेल्या शंखासारखा असून त्याला बाहेरच्या अंगानें वळणें घेत वर गेलेला ९४ पायऱ्यांचा जिना आहे. उंची ७३ फूट. दरवाजावर सन १७४३ व बांधणारा जॉन ग्लिन याचें नांव कोरलेलें आहे. तुमच्यापैकीं ज्यांनीं पाटण्याच्या गोलघराचें चित्र पाहिलें असेल त्यांना या दोन कोठारांतलें साम्य लगेच दिसेल. १७७० च्या बंगालमधील भयंकर दुष्काळानंतर पुन्हां तशी वेळ आलीच तर धान्य असावें म्हणून कॅप्टन जॉन गार्स्टिन यानें १७८६ सालीं गोलघर पुरें केलें; त्यालाहि बाहेरून वर चढणारा १४५ पायऱ्यांचा वळणाचा जिना आहे. दोन्ही देशांत आधीं माणसें मेलीं, मग कोठारें उभीं राहिलीं. आपल्या दृष्टीनें कमानीपेक्षां कोठाराची योग्यता अर्थातच मोठी. पण कोठाराची बुद्धि सुचण्यापूर्वीं कमानीच्या मजुरीवर गांवानें तीं वर्षें काढलीं, हें विसरतां कामा नये.

या हकीकतींत एक कडू सत्यहि आहे; तें तुमच्यापासून लपविणें बरोबर होणार नाहीं. कोनॉली घराण्याचा पैसा कोठून आला हें आम्हीं आरंभीं सांगितलेंच आहे. ज्या जमिनींच्या खरेदीविक्रीवर तो वाडा उभा राहिला त्या जमिनी पन्नास वर्षांपूर्वीं त्याच देशांतील लोकांकडून हिसकावल्या गेल्या होत्या. एकीकडे खंडाच्या रूपानें घेतलेलें दुसरीकडे मजुरीच्या रूपानें थोडें परत दिलें, असेंहि कोणी म्हणूं शकेल. असें म्हणणाऱ्याला आम्ही अडविणार नाहीं. आम्हांस एवढेंच वाटतें कीं त्याच काळांत, तशाच मार्गानें श्रीमंत झालेले दुसरे पुष्कळ जमीनदार होते, आणि त्यांच्यापैकीं कित्येकांनीं तेवढेंहि परत दिलें नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. १९७२ सालीं महाराष्ट्रांत जो दुष्काळ पडला त्याच्या गोष्टी अजून घरोघरीं सांगतात. त्या वेळीं रस्ते, तलाव, पाझर तलाव, नालाबांध अशीं हजारों कामें निघालीं. खडी फोडण्याचें काम तर इतकें निघालें कीं खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिल्याचें वडीलधारीं माणसें सांगतात. १९७३ च्या मे महिन्यांत या कामांवर जवळजवळ पन्नास लक्ष माणसें होतीं. त्या ढिगांकडे पाहून “एवढी खडी कशाला?” असें म्हणणारे तेव्हांहि होतेच. पण त्या खडीच्या मजुरीवर व कामावर मिळणाऱ्या सुकडीवर कित्येक कुटुंबें जगलीं.

सेलब्रिजच्या कमानींत व आपल्या खडींत एक महत्त्वाचा भेद आहे. तेथें मजुरी मिळाली ती एका वृद्ध बाईंच्या मनांत आलें म्हणून. बाईंना तशी इच्छा झाली नसती, किंवा त्या आधींच वारल्या असत्या, तर सेलब्रिजच्या मजुराला कोणाच्या दारांत जाऊन “मला काम द्या” असें हक्कानें म्हणतां आलें नसतें. आपल्याकडे वि. स. पागे यांच्या पुढाकारानें रोजगार हमी योजना आली, आणि १९७७ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तिचा कायदा केला. ‘मागेल त्याला काम’ हे तीन शब्द तिचें ब्रीद झाले. पुढें २००५ सालीं भारताच्या संसदेनेंहि ग्रामीण रोजगाराच्या हमीचा कायदा केला. काम द्या असें म्हणणें ही भीक राहिली नाहीं. तो मागणाऱ्याचा अधिकार झाला. कागदावरचा अधिकार प्रत्येक गांवीं वेळेवर पोंचला असें आमचें म्हणणें नाहीं. पण दयाळू बाईंची वाट पाहण्यापेक्षां अधिकार असणें बरें, हें कोणालाहि पटावें.

कमानीचें पुढें काय झालें? सवादोनशें वर्षें ती ऊनपावसांत उभी राहिली आणि हळूहळू मोडकळीस आली. वाड्याचीहि तीच गत झाली. १९६० नंतरच्या दशकांत तो विकला गेला, आंतील सामानाचा लिलांव झाला, रिकाम्या वाड्याच्या कांचा फुटल्या. तेव्हां डेस्मंड गिनेस यांनीं १९६७ सालीं वाडा विकत घेतला. ते व त्यांच्या पत्नी मारिगा यांनीं जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठीं १९५८ सालीं आयरिश जॉर्जियन सोसायटी स्थापन केली होती. त्या मंडळींनीं कमानीची दुरुस्ती केली, आणि १९६८ सालीं एका अमेरिकन बाईंनीं ती विकत घेऊन तिची कायमची सोय लावली. अशा रीतीनें ती कमान शेवटीं खरोखरच कॅसलटाउनची झाली. १९९४ सालीं वाडा आयर्लंडच्या सरकारकडे आला. मारिगाबाई १९८९ सालीं वारल्या. त्यांस त्याच कमानीखालीं मूठमाती देण्यांत आली. ज्या इमारतीला लोक वेडेपणा म्हणत तिचेंच चित्र आज त्या सोसायटीचें चिन्ह आहे.

बाईंचें नांव कमानीला आहे. आराखडा करणाऱ्याचें नांव पुस्तकांत आहे. कोठार बांधणाऱ्याचेंहि नांव दगडावर आहे. पण १७४० च्या त्या मार्च महिन्यांत गोठलेल्या हातांनीं ज्यांनीं चिरे वर चढविले त्यांपैकीं एकाचेंहि नांव आम्हांस कोठें आढळलें नाहीं. त्यांच्यापैकीं किती जणांची मुलें १७४१ चा वसंत ओलांडून पुढें गेलीं, हाच या इमारतीच्या उपयोगाचा खरा हिशेब. पण तो मांडून ठेवणारा कोणी नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, आपल्याकडचा तसला हिशेब मांडणें मात्र अजून शक्य आहे. म्हणून या लेखाच्या शेवटीं एक गृहपाठ देतों. तो करण्यासाठीं वही लागणार नाहीं. येत्या सुटींत आजीजवळ किंवा आजोबांजवळ बसा, आणि १९७२ सालीं ते कोणत्या कामावर होते, रोज किती मजुरी मिळे, त्या मजुरींत किती माणसें जेवत, हें त्यांना विचारा. त्यांच्या हातांनीं फुटलेली खडी कोणत्या रस्त्यावर पडली हेंहि विचारा. कदाचित तुम्ही रोज शाळेला येतां तोच तो रस्ता निघेल. मग “हिचा उपयोग काय?” हा प्रश्न आमच्या वर्गांत पुन्हां निघाला तर त्याचें उत्तर मागच्या बांकावरूनच येईल, आणि तें ऐकावयास आम्ही उत्सुक आहों.